शेवट न पाहिलेले सिनेमे

गेल्या आठवड्यात गडचिरोलीच्या माझ्या खोलीत संध्याकाळी एक सिनेमा बघत बसलो होतो. बरा चालला होता. नायिकेचं लग्न मोडायचं की टिकायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि अंगणात येऊन उभा राहिलो. तिथे बोलायला कोणी नव्हतं. मग लक्षात आलं की ही सवय माझी नाही, दौलतभाऊंची आहे.

दौलतभाऊ शेंडे पोंभुर्ण्याला माझे शेजारी होते. मी पंचायत समितीत, बायको नागपुरात शाळेवर, मुलगी तिच्याजवळ. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, अशी माझी संसाराची तऱ्हा. मधले दिवस मी भाजी फोडणीला टाकायचो आणि ती करपेपर्यंत फोनवर बोलत राहायचो. पोंभुर्णा तसं चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पण संध्याकाळी कचेऱ्या बंद झाल्या की रस्ता आवरल्यासारखा मोकळा होतो. पलीकडून जंगल सुरू होतं. अशा गावात एकट्या माणसाला शेजारी चांगला मिळणं फार गरजेचं असतं, आणि मला मिळाला तो सिनेमावर मतं देणारा.

पहिल्या भेटीत त्यांनी स्वतःचं नावही सांगितलं नाही. मी पायरीवर बसून चहा पीत होतो. शेजारच्या घरातून एक उंच, वाळका म्हातारा आला. खांद्यावर टॉवेल, शर्टाचं वरचं बटन तुटलेलं, पाय फाकवून टाकायची चाल. आयुष्यभर तलावाच्या चिखलात उभं राहून मासे धरलेल्या माणसाची ती चाल होती, हे मला नंतर कळलं. खुर्ची पुढे केली तर ती त्यांनी बाजूला सारली आणि खालच्या पायरीवर बसले.

"भुताचा पिच्चर पाह्यला," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरं.

"त्या बाईचं काय चुकलं, मले सांगा. घर तिचं. मेली तरी घर तिचंच ना? हे लोक भाड्यानं राह्यले आले अन् तिलेच म्हणते, निघ. वरून मांत्रिक बोलवून राह्यले."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग टॉवेलने मान पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या घरी अनू अशी येत असती त मी दार लावलंच नसतं."

अनू म्हणजे अनसूयाबाई, त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मुलगा रमेश चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला होता, तिथेच क्वार्टर. बापाला एकटं वाटू नये म्हणून त्याने मोठा टीव्ही आणून दिला होता आणि फोनवरून त्यावर सिनेमे कसे लावायचे ते शिकवलं होतं. दौलतभाऊ ते लवकर शिकले. रोज दुपारी जेवण झालं की एक सिनेमा. कुठला, कोणाचा, असली चौकशी नाही. जो समोर येईल तो. आणि संध्याकाळी माझ्या पायरीवर त्याचा निकाल.

निकाल लावायच्या त्यांच्या काही कसोट्या होत्या. पहिली जेवणाची. सिनेमात माणसं जेवतात की नाही, हे ते बारकाईने बघत. एकदा दाक्षिणात्य मारामारीचा सिनेमा पाहून आले, ज्यात नायक एकटा सगळ्या गावाला लोळवतो. मला वाटलं, हा आवडला असेल. पण त्यांचं म्हणणं, माणूस सकाळपासून मारत सुटला आहे, आई दारात उभी राहून रडते आहे, पण एकदाही कोणी त्याला भाकर खाऊन जा म्हणत नाही. असल्या आईवर त्यांचा विश्वास बसेना. याउलट एक रटाळ, संथ सिनेमा, जो मी स्वतः वीस मिनिटांत सोडला होता, त्यांना फार भावला. कारण त्यात एक बाप आणि मुलगा एकमेकांशी न बोलता वरणभात जेवतात आणि बाप स्वतःच्या ताटातला पापड पोराच्या ताटात टाकतो. "एवढ्यावर पिच्चर पास," ते म्हणाले.

दुसरी कसोटी घरी जाण्याची. परदेशात घडणारी एक प्रेमकथा त्यांनी पाहिली. मुलगा-मुलगी सुंदर, बर्फ सुंदर, गाणी भरपूर, आणि मग क्षुल्लक गैरसमजावरून दोघं तुटतात. दौलतभाऊंना दोष सापडला तो असा, की भांडण झाल्यावर तो त्याच्या गाडीने गेला आणि ती तिच्या. एकाच गाडीतून गेले असते, म्हणजे जावंच लागलं असतं, तर रस्त्यात मिटलं असतं. "दोन गाड्या असल्या का संसार नाई टिकत," असं त्यांनी जाहीर केलं. माझी बायको नागपुरात आणि मी इथे, हे त्यांना माहीत होतं. ते बोलून गेले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच वांग्याच्या भाजीचा विषय काढला. एवढा समजूतदारपणा माझ्या कचेरीत कोणाकडे नव्हता.

एक मात्र मला खटके. दौलतभाऊ सगळं सांगत आणि शेवट सांगत नसत. अगदी टोकाशी येऊन थांबत आणि विचारत, "मंग? तुमी सांगा शेवट."

सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागते आणि शेवट हुकतो. मी आपला भला माणूस. कचेरीतून येऊन, जेवण बाजूला ठेवून, तो सिनेमा फोनवर लावला, शेवटची वीस मिनिटं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नीट सांगितली. त्यांचा चेहरा पडला. मी कोणाच्या तरी घरातली खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणली, असा काहीतरी तो चेहरा होता.

"हा त पिच्चरवाल्याचा शेवट झाला," ते म्हणाले. "त्याचा काऊन सांगता? तुमचा सांगा ना."

त्या संध्याकाळी मला सगळा उलगडा झाला. ते सांगत गेले आणि मी दुसऱ्यांदा चहा ठेवला.

दौलतभाऊ आणि अनसूयाबाई तलावातले मासे चंद्रपूरला बाजारात नेऊन विकत. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या करायच्या आणि तीनचा खेळ बघायचा. अनसूयाबाईला सिनेमाचं भारी वेड. ओल्या टोपल्यांचा वास यायचा म्हणून दारवान त्यांना सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ बसवायचा. त्यांनाही ते सोयीचंच होतं, कारण खेळ सहाच्या पुढे सुटायचा आणि पोंभुर्ण्याची शेवटची गाडी पावणेसहाला निघायची. ती चुकली की रात्र बसस्टँडवर. त्यामुळे कथा ऐन रंगात आली की अनसूयाबाई टोपली उचलायची आणि दौलतभाऊ तिच्या मागे. दोघांनी उभ्या जन्मात थेटरात एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही.

मग तो गाडीत ठरायचा. दोघं शेजारी बसत आणि उरलेला सिनेमा आपापल्या मनाने पुरा करत. भांडत भांडत. दौलतभाऊ सगळ्यांना जगवत आणि लग्नं लावून देत. अनसूयाबाई निम्म्या लोकांना मारून टाकी. दारुडा सुधारतो, असं हे म्हणाले की ती म्हणे, कशाला सुधारेल, तुमचा भाऊ सुधारला का. आवाज चढत. पुढच्या सीटवरची माणसं वळून आपलं मत देत. एका कंडक्टरला तर इतकी सवय झाली होती की तिकीट फाडताना तो आधी विचारायचा, आज कोण मरून राह्यलं बाई.

गाव येईपर्यंत शेवट ठरलाच पाहिजे, हा अनसूयाबाईचा नियम. अर्धी गोष्ट घरात नेली की तिच्यातली माणसं मागोमाग येतात, घरात बसून राहतात आणि जेवायला मागतात, असं तिची आजी तिला सांगायची. दौलतभाऊंच्या भाषेत, कच्चा पिच्चर घरात न्यायचा नाही. आणि दरवेळी काय व्हायचं, तर फाट्याजवळ गाडी आली की अनसूयाबाई पदर सावरत म्हणायची, बरं, होऊ द्या तुमच्या मनासारखं. कारण हरले की दौलतभाऊ फुगून बसत आणि जेवत नसत. तिच्या हातचं कालवण वाया जाई. तेव्हा एवढ्या वर्षांत जवळपास सगळे सिनेमे त्यांच्याच शेवटाने संपले. हे सांगताना ते ओशाळले नाहीत, उलट जरा ऐटीतच सांगत होते. तिची आठवण सांगताना मात्र नेहमी पायरीवरून उठून उभे राहत, हे मी पाहून ठेवलं होतं.

सिनेमाची नावं त्यांना कधीच माहीत नसत. त्या दिवशी टोपलीत जे होतं त्यावरून सिनेमा ओळखायचा. मरळवाला म्हणजे दोन भावांचा. झिंगेवाला म्हणजे ज्यात नायिका आंधळी असते. मी एकदा म्हटलं, भाऊ, अशाने दुसऱ्याला कसं कळेल? ते म्हणाले, दुसरं होतंच कोण.

म्हणजे आता अनसूयाबाईच्या जागी मी. चहा माझा, पायरी माझी आणि शेवटही मीच काढायचा. या कामात मी अगदीच सुमार निघालो. माझं डोकं फायलींमध्ये गेलेलं. मी सांगितलेल्या शेवटात कोणी मरत नसे, कोणाचं लग्न होत नसे, सगळे समजुतीने घेत आणि विषय पुढे ढकलला जाई. खुनाचा एक सिनेमा त्यांनी आणला होता. वाड्यात खून, सहा माणसांवर संशय, पोलीस अधिकारी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, आणि तिथे दौलतभाऊंनी टीव्ही बंद केलेला. खुनी कोण, हे न बघता कोणी राहूच कसं शकतं, मला कळेना. मी माझ्या परीने विचार करून सांगितलं की बहुधा पुरावा अपुरा पडेल आणि तपास सुरू राहील.

"तुमचा शेवट सरकारी हाये," ते म्हणाले. मग स्वतःचा सांगितला. खून माळ्याने केला होता, अधिकाऱ्याला ते कळलंही होतं, पण माळ्याची आई म्हातारी आणि आंधळी, म्हणून अधिकारी टोपी घालून निघून गेला. मी म्हटलं, असं कुठे असतं का? ते एकदम सावरून बसले, डोळ्यांत चमक आली. त्यांना वाटलं, आता मी भांडणार. पण मी लगेच म्हटलं, असेलही म्हणा. ती चमक गेली. त्यांना ऐकणारा नको होता, अडवणारा हवा होता, आणि माझ्या स्वभावात ते नव्हतं.

एकच सिनेमा असा होता, ज्यावर ते फार बोलले नाहीत. वाघाचा होता. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघाने नेलं होतं आणि आमच्याकडे संध्याकाळी कोणी तलावाकडे फिरकत नव्हतं. मी विचारलं, कसा होता? ते म्हणाले, "वाघ यायच्या आधी बाजा वाजते. मंग वाघ येते." मग जंगलाकडे बघत म्हणाले, "आपल्याकडं कोण वाजवते?" एवढंच बोलून घरी गेले. त्या दिवशी शेवटाची गोष्ट निघाली नाही.

पावसाळा संपता संपता दौलतभाऊंना ताप आला. मी नेमका नागपुरात. ते दोन दिवस घरात पडून होते आणि कोणाला पत्ता नव्हता. सोमवारी सकाळी मी आलो तर शेजारचा टीव्ही चालू, दार आतून बंद. कडी वाजवून वाजवून उघडून घेतलं. रमेशला फोन केला, तो मोटारसायकलवर तडक आला आणि बापाला चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेला. बरे होऊन परतले, पण रमेशने निक्षून सांगितलं की आता इथे एकटं राहायचं नाही, दिवाळीच्या आधी ऊर्जानगरला चला. पोरगा गुणी होता. सूनही चांगली. दौलतभाऊंना नाही म्हणायला काही कारण नव्हतं, आणि तरी ते रोज उद्या सांगीन म्हणत होते.

एका संध्याकाळी ते पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले. मी ओळखलं, अनसूयाबाईची गोष्ट आहे.

तिच्याबरोबरचा शेवटचा सिनेमा कतलावाला. त्या दिवशी टोपलीत मोठा कतला होता आणि तो लवकर विकला गेला होता. सिनेमात एक मास्तर असतो. जत्रेच्या गर्दीत त्याची बायको हरवते. तेव्हापासून तो रोज शाळा सुटली की स्टेशनवर जाऊन बसतो, गाडी बघतो आणि परत येतो. वर्षं जातात, केस पांढरे होतात. मग एक दिवस गाडी येते आणि एका डब्याच्या दारात बाईचा हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा. तेवढ्यात अनसूयाबाईने टोपली उचलली.

गाडीत बसल्याबरोबर दौलतभाऊंनी सुरुवात केली, ती उतरते. पलीकडून उत्तर आलं नाही. अनसूयाबाईचं अंग तापलं होतं. तिने डोकं त्यांच्या खांद्याला टेकलं आणि म्हणाली, "उद्या सांगीन." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती असं म्हणाली. त्यांनी तिला धरून घरात नेलं. नियम मोडला. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, ती तिथेच संपली.

"तो मास्तर आजून माह्या घरात बसून हाये," दौलतभाऊ म्हणाले. "खोटं नाई सांगत. मी जेवाले बसलो का तो समोर. त्याले सोडून मी पोराकडं कसा जाऊ? अन् नेला त दोन खोल्यांत कुठी ठेवू?"

माझ्या स्वयंपाकघरातही समोर कोणी बसत नसे, आणि मला ते बरं वाटत होतं असंही नाही. मी एवढंच म्हटलं, भाऊ, तो सिनेमा शोधून काढू. या वेळी शेवटापर्यंत बघा. गाडी पकडायची नाही, काही नाही. मास्तरचं काय ते एकदाचं कळेल.

त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट घेतला आणि होकाराची मान हलवली.

सिनेमा शोधायला मला आठवडा लागला. कतला म्हणून शोधता येत नव्हतं. मास्तर, जत्रा, स्टेशन असं काय काय टाकून शेवटी सापडला. त्या शुक्रवारी मी मुद्दाम नागपूरला गेलो नाही. रविवारी दुपारी दौलतभाऊ आले ते धुतलेला शर्ट घालून, आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या दोन खुर्च्या उचलून मागे, दाराला लागून ठेवल्या. स्वतः एका खुर्चीवर बसले, दुसरीवर टॉवेल घडी करून ठेवला. माझ्या छोट्या टीव्हीवर सिनेमा लावून मी पलंगावर बसलो.

सिनेमाभर ते एक शब्द बोलले नाहीत. मास्तर जेवत नव्हता, तरी बोलले नाहीत. जत्रा झाली, बायको हरवली, केस पांढरे झाले. स्टेशनवर दिवे लागले. लांबून गाडीची शिट्टी आली आणि मी माझ्याही नकळत पलंगाच्या कडेला सरकलो. गाडी आली. दारात हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा.

दौलतभाऊ उठले.

वाकून त्यांनी खुर्चीखाली हात घातला. तिथे टोपली नव्हती. तसेच वाकलेले क्षणभर राहिले, मग टॉवेल उचलला आणि दारातून बाहेर पडले. मी मागे गेलो नाही. टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही. गाडी थांबली, आणि ती उतरली. तीच होती. म्हातारी झाली होती, मास्तरने ओळखायच्या आधी तिने त्याला ओळखलं. पडद्यावर नावं येऊ लागली तेव्हा मी एकटाच रडत बसलो होतो. दौलतभाऊंनी गाडीत पहिल्या फटक्यात सांगितलेला शेवट खरा होता, आणि हे मी त्यांना सांगू शकत नव्हतो. पिच्चरवाल्याचा शेवट त्यांना नको होता.

बाहेर आलो तर ते अंगणात पाठमोरे उभे होते. म्हणाले, "तुमी पाह्यला ना? सांगू नका." मी नाही सांगितलं. त्या आठवड्यात रमेश येऊन त्यांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. जाताना दौलतभाऊंनी कुलपाला एकदा हात लावला आणि मला म्हणाले, सांभाळा. घर सांभाळा की मास्तरला, ते मी विचारलं नाही.

नंतर फोन व्हायचे. ऊर्जानगरला सगळं छान होतं. नातू होता, पाणी होतं, जवळच बस होती. नातू त्यांना सिनेमाचं नाव, नटाचं नाव आणि शेवट आधीच सांगून मोकळा होई. त्यांची मतं हळूहळू आटत गेली. मी विचारायचो, काय पाहिलं? ते म्हणायचे, पाह्यला एक. बरा होता. बरा होता, हे शब्द दौलतभाऊंच्या तोंडी ऐकून मला काळजी वाटायची.

हिवाळ्यात मी कचेरीच्या कामाने चंद्रपूरला गेलो होतो. काम लांबलं आणि शेवटच्या गाडीला कसाबसा पोचलो. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर पाहिलं, तर समोरच्या बाकावर दौलतभाऊ. स्वेटर, कानाला मफलर, हातात काही नाही. बाकावर अर्ध्या भागातच बसलेले, शेजारची जागा मोकळी सोडून. नजर आमच्या गाडीवर होती, पण गाडीत चढायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

मी हाक मारली. ते उठून खिडकीशी आले. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तीनचा खेळ पाहून आलो म्हणाले. मी विचारलं, शेवटापर्यंत? ते म्हणाले, "गाडी सुटते ना." ऊर्जानगरच्या बसेस सारख्या सुटतात, त्या बसचं पावणेसहाशी काही देणंघेणं नव्हतं. रमेशला वाटत होतं ते बागेत फिरायला जातात. महिन्यातून एकदोनदा ते असे येत, सिनेमा अर्धा सोडत, पोंभुर्ण्याची गाडी निघेपर्यंत बसत आणि मग घरी जात.

ड्रायव्हर चढला. दौलतभाऊंनी खिडकीचा गज हातात धरला.

"साहेब, मी ठरवलं. नाई उतरत ती," ते म्हणाले. "हात दुसरीचा होता. अनू असंच म्हणणार होती, मले मालूम हाये. नेहमी माह्यंच ऐके. हे एक तिचं राहू द्या."

हो म्हणणं सोपं होतं. मी आयुष्यभर हो म्हणत आलो आहे, त्याचाच पगार घेतो. त्यांनी मोठ्या कष्टाने मास्तरला एकटं घरी पाठवलं होतं आणि आता ते माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं असतं तर ते हात सोडून मागे झाले असते आणि सगळं संपलं असतं.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "ती उतरते."

त्यांनी डोळे बारीक केले. "हे पिच्चरवाल्याचं सांगून राह्यले का तुमचं?"

"माझं."

"कशावरून?"

"दारात आली होती ना? ज्याला उतरायचं नसतं तो दारात कशाला येईल?"

गाडी सुरू झाली. दौलतभाऊंनी गज सोडला नाही, ते बरोबर चालू लागले. "ठेसन आलं का सगळेच दारात येते! हवा खायले!" आवाज चढला होता, मफलर सुटून लोंबत होता. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, बांगड्या हिरव्या होत्या. ते म्हणाले, बांगड्या काय एकटीलेच विकते का दुकानदार. असलं बोलणं त्यांचं नव्हतं, अनसूयाबाईचं होतं, आणि मी तिला कधी पाहिलेलं नसताना मला ते ओळखू आलं. फाटकापर्यंत ते चालत आले. गाडीने वेग घेतला तेव्हा हात सुटला. मी मागे वळून पाहिलं. फाटकाजवळ दिव्याखाली उभे राहून ते हात वर करून अजून काहीतरी सांगत होते, तावातावाने, आणि आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. उन्हाळ्यात माझी बदली इकडे गडचिरोलीला झाली. ते फाटकाजवळ राहिले त्या संध्याकाळी गाडीभर माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि फाटा आला तरी माझं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडण चालूच होतं. गाव आलं. शेजारच्या घराला कुलूप होतं. शेवट ठरला नव्हता, कच्चा पिच्चर घेऊनच मी आत गेलो, आणि दार थोडा वेळ उघडंच ठेवलं.